मांडवा ते रत्नागिरी, एकट्याने सायकलवर

नकाशावर कोकण किनारा सपाट दिसतो. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे लांब सह्याद्री, मधून रस्ता. पाय मारत राहायचं, एवढंच. पहिल्यांदा निघालो तेव्हा मीही दिवसाला शंभर किलोमीटर धरले होते. दुसऱ्याच दिवशी दिघीच्या पुढच्या चढावर मी सायकल ढकलत चाललो होतो आणि मागून आलेला एक स्कूटरवाला थांबून विचारत होता, "गाडी बंद पडली काय?"

या रस्त्याची एक ठरलेली चाल आहे. खाडी ओलांडायची, चढ चढून सड्यावर यायचं, जांभ्या दगडाच्या त्या उघड्या माळावरून उन्हात काही किलोमीटर जायचं, मग तीव्र उतारानं नारळी-पोफळीच्या गावात उतरायचं. गाव संपलं की पुन्हा चढ. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचाच असतो, घाटासारखा तासभर चालत नाही, पण दिवसात असे चार-पाच येतात. म्हणून इथे किलोमीटर मोजून काही कळत नाही, तास मोजावे लागतात. माझा हिशोब असा: गावातून आणि पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, बाजूनं जाणारा रस्ता असेल तर तासाला पंधरा किलोमीटर, चढ-उताराचा असेल तर दहा, आणि प्रत्येक फेरीबोटीला एक तास. एवढी बेरीज झाली की वर दोन तास राखीव. सोबत कोणी असेल तर हे दोन तास चैनीचे, एकट्याला ते औषधासारखे लागतात.

रस्ता साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरचा. कोणत्या वाड्यांत शिरता, कोणत्या देवळाला वळसा घालता यावर आकडा बदलतो. पाच पूर्ण दिवस आणि सहाव्या दिवसाची सकाळ धरा.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं हे खरं, पण गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँच तेव्हा बंद असतात, उतारांवर शेवाळ धरतं आणि दिवसभराच्या धारेत ब्रेक पॅड साबणासारखे झिजतात. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो, पण ऊन आणि दमट हवा मिळून जीव काढतात. मार्चमध्ये जायचं एकच चांगलं कारण म्हणजे वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघणं. त्यासाठी जाणार असाल तर सायकल पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी सावलीत, हा नियम मोडू नका.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या पुढे थोड्याच वेळात मावळतो. म्हणजे हाताशी अकरा तासांचा उजेड. त्यातले दुपारचे दोन विश्रांतीला, दोन राखीव, उरले सात. सात तासांत साठ-सत्तर किलोमीटर, याहून जास्त ठरवू नका. शनिवार-रविवार अलिबाग, काशीद आणि गणपतीपुळे या तीन ठिकाणी मोटारींची रांग असते. म्हणून निघायचा वार सोमवार ठेवा, शनिवारी सकाळी रत्नागिरी.

सायकल

महाग सायकल लागत नाही. गिअर मात्र योग्य लागतात. पुढचं सगळ्यांत लहान चक्र आणि मागचं सगळ्यांत मोठं चक्र यांचे दात मोजा. दोन्ही सारखे, किंवा पुढचे कमी, असं असेल तर सामान लादूनही हे चढ बसल्या बसल्या चढता येतील. पुढे 28 आणि मागे 34 असेल तर उत्तमच. रेसिंगची सायकल, ज्यात पुढचं लहान चक्रच 39 दातांचं असतं, ती घरी ठेवा.

टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे. 23-25 चे बारीक टायर डांबरावर पळतात, पण इथे डांबर संपून खडी कधी सुरू होते याचा नेम नसतो. माझं वजन सत्तर किलो, सामान आठ किलो. 35 च्या टायरमध्ये मी पुढे 50 आणि मागे 60 पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) हवा ठेवतो. दगडासारखी टणक हवा भरली की सायकल जोरात जाते हा गैरसमज आहे. खराब रस्त्यावर तसं चाक नुसतं उडतं आणि मनगटं भरून येतात.

सीटची उंची बघायची सोपी रीत: सीटवर बसा, पेडल सगळ्यांत खाली आणा आणि त्यावर टाच टेकवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात हलकासा बाक येतो, तोच बरोबर. सीट खाली ठेवून चालवली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही, तिसऱ्या दिवशी गुडघे सांगतात.

निघायच्या आठवडाभर आधी ब्रेक पॅड, ब्रेक आणि गिअरच्या तारा आणि चेन दुकानात दाखवून घ्या. आदल्या दिवशी नको. नवीन तारा पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये ताणतात, तो ताण घरच्या आसपास निघून जाऊ दे.

सराव

सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून दोनदा तासभर, रविवारी लांब. लांब म्हणजे आधी चाळीस, मग साठ, आणि शेवटच्या दोन रविवारांआधी शनिवारही जोडायचा: दोन दिवस लागोपाठ साठ-साठ, सामान लादून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसायची इच्छा होते का, याचीच ही परीक्षा. पुण्याच्या माणसाला दिवे घाट आणि कात्रजचा जुना घाट आहेत, ठाण्याच्या माणसाला येऊरचा चढ. तिथे वेग बघू नका. श्वास इतकाच लागू द्या की शेजारी कोणी असतं तर त्याच्याशी अर्धं वाक्य बोलता आलं असतं.

सामान

पाठीवर सॅक नको. उकाड्यात पाठ घामानं भिजते आणि खांदे गळून जातात. मागे कॅरिअर बसवा, त्याच्या दोन बाजूंना पिशव्या. वजन आठ किलोच्या आत. मी नेतो ते हे:

सायकलवर घालायचे कपडे दोन जोड (रात्री धुवायचे, सकाळी वाळतात, दमट हवेत वाळले नाहीत तर कॅरिअरवर बांधून वाळवायचे), संध्याकाळचा एक लेंगा-सदरा, पातळ टॉवेल, चपला. दोन जादा ट्यूब, ठिगळांची डबी, पंप, तीन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या), अॅलन पान्यांचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि एक जोडकडी, 15 नंबरचा पाना (चाकाला नट असतील तर, झटकन उघडणारी दांडी असेल तर नको), दहा-बारा केबल टाय, जुन्या ट्यूबची एक पट्टी, तेलाची छोटी बाटली, फडकं. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा. ओआरएसची सहा पाकिटं, बँडेज, जंतुनाशक मलम. पॉवर बँक. आणि खोबरेल तेल: मांड्या घासायला लागल्या की रात्री तेच, गंजू पाहणाऱ्या स्क्रूवरही तेच.

तंबू नेऊ नका. प्रत्येक गावात घरगुती राहायची सोय मिळते आणि तिथे रात्रीचं जेवणही असतं. तंबूचे तीन किलो प्रत्येक चढावर आठवतात.

पंक्चर

एकट्यानं जायचं तर हे एक काम डोळे मिटून जमायला हवं. घरी दोनदा करून बघा, तेही मागच्या चाकाचं, कारण पंक्चर बहुतेक तेच होतं. वजन त्याच्यावर असतं.

सायकल रस्त्यावरून खाली घ्या, सावली असेल तर सावलीत. मागचा गिअर सगळ्यांत लहान चक्रावर आणा, म्हणजे चेन सैल पडते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर त्यांची तार सोडून जबडा मोकळा करा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मग सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, चाक काढा.

उरलीसुरली हवा काढून टाका. टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत नेली की ती सैल होते. मगच लिव्हर घाला. एक लिव्हर घालून चाकाच्या तारेला (स्पोकला) अडकवा, चार बोटं सोडून दुसरा, आणि मग एक बाजू सरकत मोकळी होते. ट्यूब बाहेर काढताना तिची दिशा लक्षात ठेवा: कुठला भाग व्हॉल्व्हच्या डाव्या हाताला होता, कुठला उजव्या. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळून फिरवा, गळती गालाला कळते. भोक सापडलं की ट्यूब टायरवर जशी होती तशी धरा. म्हणजे टायरमध्ये नेमकं कुठे बघायचं ते समजतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मी नेमकं हेच विसरलो होतो. केळशीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, निघालो, दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. दुसरी ट्यूब घातली, तीही गेली. उन्हात तिसऱ्यांदा बसल्यावर टायर आतून बोटांनी इंच इंच चाचपला, तेव्हा केसाएवढी बारीक पोलादी तार हाताला टोचली. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून अशा तारा रस्त्यावर पडलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. करवंदीचा काटाही असाच आत मोडून बसतो. कारण सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. कारण सापडतच नसेल तर फडकं टायरच्या आतून फिरवा, ते जिथे अडकेल तिथे चोर.

रस्त्यात ठिगळ लावत बसू नका, जादा ट्यूब घाला. ठिगळ रात्री मुक्कामी. ट्यूब पॉलिश पेपरनं ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या भागात घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं हात लावू नका. ओलं असताना ठिगळ चिकटवणं ही घाईतली चूक सगळेच करतात. बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ ठेवून चमच्याच्या पाठीनं घट्ट दाबा.

घालताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायर हातानंच चढवा. शेवटची वीतभर कड लिव्हरनं चढवली की ट्यूब चिमटीत सापडते आणि नवं भोक पडतं. पूर्ण हवा भरण्याआधी चाक फिरवून दोन्ही बाजूंनी बघा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना.

टायरच कापला गेला तर? जुन्या ट्यूबची पट्टी आतून कापलेल्या जागी लावा. ती नसेल तर दहा रुपयांची नोट दुमडून. माझ्या एका टायरनं अशा नोटेवर दाभोळ ते गुहागर गाठलं आहे.

रस्ता

मुंबईहून मांडव्याला जायचे दोन मार्ग: गेटवेहून प्रवासी बोट किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे वाहनं नेणारी मोठी बोट. सायकलसाठी रो-रो सोपी, वाहनांच्या मार्गानं सरळ आत ढकलत नेता येते. सकाळची पहिली बोट पकडा.

पहिला दिवस मांडवा ते मुरूड, सत्तरच्या आसपास. अलिबागपर्यंत वीस किलोमीटर, तिथे नाश्ता. पुढे चौल, रेवदंडा. चौलमध्ये मोठा रस्ता सोडून आगरांमधल्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांमधल्या, गल्ल्यांत शिरा. दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), वर सुपारीची सावली, आणि एखाद्या विहिरीवर पंप चालू असतो त्याचा आवाज. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई आणि मग काशीदच्या अलीकडे-पलीकडे पहिले चढ. हे चढ तुमची ओळखपरेड आहेत. इथेच दम लागला तर संध्याकाळी बसून उरलेल्या दिवसांचे किलोमीटर कमी करा, लाज वाटू देऊ नका.

दुसरा दिवस मुरूडहून हरिहरेश्वर, साठ-पासष्ट. आगरदांड्याहून दिघीला बोट. बोटीवर चढताना-उतरताना सायकलवरून उतरा. लोखंडी उताराला चिखल आणि शेवाळ असतं, चाक सरकलं तर सायकलसकट खाडीत. दिघीतून वर येणारा चढ कडक आहे. तिथून दिवेआगर, आणि दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता. संपूर्ण प्रवासात मला सगळ्यांत आवडणारा तुकडा हाच. तो सकाळी घाईत उरकू नका, दुपारच्या विश्रांतीनंतर करा, ऊन तेव्हा समुद्राकडून तिरपं येतं आणि चढ फारसे नसतात. श्रीवर्धन पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव. रात्री हरिहरेश्वर.

तिसरा दिवस किलोमीटरनं लहान आणि दमवायला मोठा. बागमांडल्याहून वेश्वीला बोट, खाली सावित्री नदी. पलीकडे रत्नागिरी जिल्हा. बाणकोटचा किल्ला बघायचा तर चढ आहे, वेळास बघायचं तर उतरून पुन्हा चढावं लागतं. दोन्ही बघायचं असेल तर मुक्काम केळशीतच करा. नाही तर केळशीहून आडे, पाडले करत समुद्राकाठानं आंजर्ले, पुलावरून हर्णे. कड्यावरच्या गणपतीला सायकल न्यायची का, हे पायांना विचारा. मी एकदा नेली, एकदा खालूनच हात जोडले.

चौथा दिवस हर्णेहून गुहागर. मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. हे मुरूड दुसरं, दापोलीचं. महर्षी कर्व्यांचं गाव. रस्ता विचारताना तालुका जोडून विचारा, नाही तर लोक उलट्या दिशेला पाठवतात. वेळासही दोन आहेत. बुरोंडीच्या चढावर परशुरामाचा उंच पुतळा दिसला की समजा, आता थोडा वेळ सड्यावर ऊन आहे, बाटल्या भरून घ्या. दाभोळला उतरणारा उतार तीव्र आणि वळणांचा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. थोडं सोडा, वळणाआधी जोरात दाबा, पुन्हा सोडा. अंग मागे, दोन्ही ब्रेक एकदम. वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, तिथे ब्रेक दाबलेला नको. आणि समोरून येणारी एसटी वळणावर सगळा रस्ता घेते, ती हॉर्न देते तेव्हा कडेला थांबणं शहाणपणाचं. दाभोळ-धोपावे बोटीनं वाशिष्ठी ओलांडली की गुहागर जवळच.

पाचवा दिवस गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून शास्त्री नदीच्या मुखावर जयगडची बोट, आणि गणपतीपुळे. साठच्या आसपास, चढ भरपूर. जयगडहून निवळीकडे जाणारा रुंद रस्ता बंदराच्या ट्रकांचा आहे, त्याला लागू नका. किनाऱ्यानं मालगुंडला या. केशवसुतांचा जन्म 1866 साली इथलाच, त्यांचं स्मारक रस्त्यालगत आहे आणि आवारात सावली आहे.

सहाव्या दिवशी नेवरे, आरे-वारे, काळबादेवी, शिरगाव करत रत्नागिरी. पंचवीस-तीस किलोमीटर, पण आरे-वारेचा चढ दिवस उजाडल्या उजाडल्या काढा.

कुठेही मुंबई-गोवा महामार्गाला लागू नका. या खाड्यांवर पुलांची कामं ठिकठिकाणी चालू आहेत. पूल झाले की बोटी राहतील की नाही कोण जाणे, तेव्हा बोटींचा हा रस्ता करायचा तर लवकर करा. बोटींच्या वेळा हंगामानुसार बदलतात. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा, इंटरनेटवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका.

भरती-ओहोटीचा हिशोब कोकणातली माणसं तिथीवरून करतात, तोही शिकून घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण काम भागतं. ओहोटीला दिवेआगर, कर्दे इथली ओली पुळण टणक असते आणि सायकल मजेत चालते. उलट हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राचं पाणी उसळतं ती खडकातली चीर, बघायची तर भरती हवी, ओहोटीला तिथे नुसती कपार दिसते. पुळणीवर सायकल चालवलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, चेनला तेल द्या. खारं पाणी एका रात्रीत चेनवर तांबडा रंग चढवतं.

खाणं-पाणी

कोकणात जेवण सांगून ठेवावं लागतं, आणि शहरातल्या माणसाला नेमकं हेच ठाऊक नसतं. दुपारी एक वाजता एखाद्या वाडीत पोचून "जेवण मिळेल का?" विचारलंत तर काकू वाईट वाटून म्हणतील, "आधी फोन करायचा होतास रे, सगळं आवरलं." दुकानंही एक ते चार बंद. म्हणून सकाळी निघतानाच मुक्कामाच्या घरच्यांना विचारा, पुढच्या गावात जेवण कोण देतं, आणि तिथे फोन करून सांगून ठेवा. ही ओळखीची साखळी फार उपयोगाची. तुम्ही पोचला नाहीत तर विचारणारं पुढे कोणीतरी असतं.

निघताना पोटभर नाश्ता नको. चहा, दोन केळी, सातला सायकलवर. साडेनऊला एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये किंवा टपरीवर पोहे, मिसळ, जे असेल ते. पिशवीत कायम गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी. भूक लागायच्या आधी दर तासाला दोन घास. एकदा पाय रिकामे झाले की मग कितीही खा, पुढचा तास वाया.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. म्हणून दोन बाटल्या सायकलवर आणि एक लिटर पिशवीत. सड्यावर हॉटेल नसतं, घर नसतं, नळही नसतो. चढाच्या पायथ्याचं शेवटचं घर गाठून पाणी मागा. कोणी नाही म्हणत नाही, उलट कोकम सरबत पुढे येतं. दिवसातून एक-दोन लिटर पाण्यात ओआरएस घाला. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कडक उन्हात घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला, डोकं ठणकू लागलं, तर तो शरीराचा शेवटचा इशारा आहे. लगेच सावली, डोक्यावर-मानेवर पाणी, आणि त्या दिवसाचं सायकल चालवणं तिथेच संपलं.

एकटं असणं

रोज दोन निरोप घरी: निघताना "आज इथून तिथे", पोचल्यावर "पोचलो". मधे नेटवर्क जातं, त्याची कल्पना आधीच द्या, नाही तर दुपारी तीन वाजता घरचे पोलिसांना फोन करतील. किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर काळजी करायची तेही ठरवा. आमच्याकडे रात्री आठ. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. खिशात एक कागद प्लास्टिकमध्ये: नाव, रक्तगट, घरचे दोन नंबर, असलेली अॅलर्जी. फोनला कुलूप असतं, कागदाला नसतं. अडचणीत 112, रुग्णवाहिकेला 108.

मुक्कामाला शक्यतो चारपर्यंत पोचा. एकट्या बाईनं जायचं असेल तरी नियम हेच, फक्त घर आधी ठरवलेलं असावं आणि त्या घरी बायामाणसं आहेत याची फोनवर खात्री केलेली असावी. अंधार पडल्यावर गुरं रस्त्यावर बसतात, मोटारसायकली दिव्याशिवाय येतात. उशीर होतोय असं दिसलं तर सात-आठ किलोमीटर आधीच्या गावात थांबा. राखीव दोन तास इथे कामाला येतात.

कुत्रे अंगावर आले तर पळू नका. खाली उतरा, सायकल मधे धरा, चालत जा. पळणारा पाय दिसेनासा झाला की त्यांचा रस संपतो.

अंतर विचाराल तेव्हा उत्तर मोटारसायकलच्या हिशोबानं मिळेल. "हे काय, वळलं की आलंच" म्हणजे पाच किलोमीटर आणि एक चढ. प्रश्न बदला: "मधे चढ आहे का?" त्याचं उत्तर खरं मिळतं, कारण तो चढ त्यांनी कधीतरी डोक्यावर ओझं घेऊन चढलेला असतो.

आणि बोला लोकांशी. एकटा सायकलवाला दिसला की लोक हाक मारतात, चौघांच्या घोळक्याला नाही मारत. तवसाळच्या बोटीची वाट बघताना एका मासळीवाल्या मावशीनं माझ्या गिअरच्या चक्रांकडे बोट दाखवून विचारलं, "एवढ्या चकत्या कशाला?" मी समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे चढ तोच, वेळ जास्त."

परतीची गाडी

रत्नागिरी स्टेशन शहरात नाही, पाच-सहा किलोमीटर बाहेर आणि वरच्या अंगाला आहे. शेवटचा चढ तो. गाडीच्या किमान दोन तास आधी पार्सल ऑफिसमध्ये पोचा. सायकल सामानाच्या डब्यातून जाते, त्यासाठी तुमचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. निवडलेल्या गाडीला सामानाचा डबा आहे का आणि ती पुरेशी थांबते का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

दिवे, बाटल्या, पिशव्या, पंप काढून स्वतःकडे घ्या. मागचा गिअर सगळ्यांत लहान चक्रावर, आणि त्या बाजूला पुठ्ठा गुंडाळून सुतळीनं बांधा. डब्यात कोणी पोतं टाकलं तर तोच भाग आधी वाकतो. पेडल काढता आली तर काढा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात कुठून, कुठे, पावती क्रमांक आणि फोन नंबर, दोन ठिकाणी लिहा. सायकल डब्यात चढताना स्वतः तिथे उभे राहा आणि उतरायच्या स्टेशनवर गाडी थांबताच आधी सामानाच्या डब्याकडे पळा.